यादीत नाव आहे, ऑर्डर नाही

पारोळ्यात निकाल लागला की पीडीएफ आधी गावात फिरते, मग उमेदवाराच्या घरी पोहोचते. दुपारपर्यंत चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर पोराचा पासपोर्ट फोटो आणि त्याच्यापेक्षा मोठे चार पुढाऱ्यांचे फोटो. संध्याकाळी पेढे, औक्षण, शाळेत सत्कार. त्यानंतर एक प्रश्न सुरू होतो, तो स्टँडवर, शेताच्या बांधावर, लग्नाच्या पंगतीत, बालाजीच्या रथाच्या गर्दीत, जिथे गाठ पडेल तिथे विचारला जातो: "ऑर्डर उनी का रे भाऊ?"

पहिल्या महिन्यात हा प्रश्न कौतुकाचा असतो. सहा महिन्यांनी त्यात काळजी येते. वर्ष उलटलं की विचारणाऱ्याच्या आवाजात किंचित संशय येतो, की खरंच लागला होता ना हा?

धुळे-जळगाव महामार्गावरच्या या तालुक्याच्या गावात नोकरीचं एवढं का लागून राहिलंय, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. शेती बहुतेक कोरडवाहू, मुख्य भिस्त कापसावर आणि पावसावर. बोरी नदीला पाणी असलं तर असलं. मोठा कारखाना नाही. डिग्री घेतलेल्या मुलासमोर सुरत, पुणे किंवा 'भरती' असे तीनच रस्ते दिसतात. म्हणून पहाटे रस्त्याच्या कडेला पोलीस भरतीची पोरं सोळाशे मीटर पळतात, मुली आठशे, आणि दिवसभर अभ्यासिकेत तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, राज्यसेवा अशी पुस्तकं उघडी असतात. यादीत नाव लागलं की स्थळं येऊ लागतात. ऑर्डर लांबली की येईनाशी होतात. मुलीचा बाप यादी बघत नाही, पगाराची स्लिप बघतो.

अशा उमेदवाराची फाइल एकदा नीट पाहण्यासारखी असते. प्लॅस्टिकचा निळा फोल्डर, आत पारदर्शक पानांत एकेक कागद: हॉलतिकीट, उत्तरतालिकेची प्रिंट, स्वतःच्या नावाखाली पिवळा मार्कर मारलेली निवड यादी, जात वैधता, नॉन क्रिमीलेअर, अधिवास, पोलीस ठाण्याचा चारित्र्य पडताळणीचा कागद, कागदपत्र पडताळणीला हजर राहिल्याची पोच. पुढची तीन-चार पानं रिकामी. ती नियुक्ती आदेशासाठी आणि रुजू अहवालासाठी राखून ठेवलेली. मागे निवेदनांच्या प्रती: जिल्हाधिकारी, पालकमंत्री, आमदार, खासदार, मुख्यमंत्री. प्रत्येकीवर आवक शिक्का. या मागच्या भागाकडे पुढे यायचंच आहे, कारण कायद्याच्या दृष्टीने फाइलचा सगळ्यात घातक भाग तोच.

प्रश्न साधा आहे. परीक्षा झाली, गुण पडले, निवड यादीत नाव आलं, जागा रिकामी आहे. मग कोर्टात जाऊन सरकारला 'मला नेमा' असं भाग पाडता येतं का?

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल १९९१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठातून दिलं. खटल्याचं नाव शंकरसन दाश विरुद्ध भारत सरकार. १९७७ च्या संयुक्त नागरी सेवा परीक्षेतून हा उमेदवार दिल्ली-अंदमानच्या पोलीस सेवेत लागला होता. भारतीय पोलीस सेवेसाठी निवडलेले काही जण रुजू झाले नाहीत, जागा सुटल्या. त्या भरताना आपला क्रमांक लागतो, असं त्याचं म्हणणं. न्यायालय म्हणालं, जाहिरात म्हणजे पात्र लोकांना अर्ज करायला दिलेलं आमंत्रण. निवड झाली म्हणून पदावर कुणाचा अभेद्य हक्क निर्माण होत नाही. सेवा नियमांत तसं म्हटलेलं नसेल, तर सगळ्या किंवा काही जागा भरायच्याच असं बंधन सरकारवर नाही.

शासकीय वकिलांना हा निकाल तोंडपाठ असतो. मात्र ते पहिला अर्धा भाग वाचतात आणि थांबतात. त्याच परिच्छेदात पुढे लिहिलंय की याचा अर्थ सरकारला मनमानीचा परवाना मिळाला असा नाही. जागा न भरण्याचा निर्णय प्रामाणिकपणे आणि योग्य कारणासाठी घेतलेला असला पाहिजे. आणि जागा भरायच्या ठरवल्या, तर परीक्षेत दिसलेला गुणानुक्रम पाळावाच लागेल, त्यात डावं-उजवं करता येणार नाही. माझ्या मते उमेदवाराच्या बाजूचा सगळा कायदा या दुसऱ्या अर्ध्या भागातून उगवलेला आहे. पद मागण्याचा हक्क नाही, पण पद का देत नाही याचं कारण मागण्याचा हक्क आहे, आणि ते कारण न्यायाधीशासमोर टिकलं पाहिजे.

कारण टिकलं तर मात्र उमेदवाराला घरी यावं लागतं. १९७३ चा हरियाणाचा खटला याचा नमुना आहे. न्यायिक अधिकाऱ्यांच्या १५ जागा होत्या, पात्रतेची रेषा ४५ टक्के, आणि यादीत ४० जण. सरकारने ५५ टक्क्यांच्या वरचे पहिले सात नेमले आणि थांबलं. आठव्या क्रमांकापासूनच्यांनी विचारलं, जागा आहेत, आम्ही पास आहोत, मग अडलं कुठे? उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने परमादेश, म्हणजे 'नेमाच' असा हुकूम, काढला, सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायव्यवस्थेत गुणवत्तेची पातळी वर ठेवावी म्हणून घेतलेला तो निर्णय होता, गुणानुक्रम मोडलेला नव्हता, वरच्याला डावलून खालच्याला घेतलेलं नव्हतं. तेव्हा जबरदस्ती करता येणार नाही.

उलट्या बाजूचा नमुना रेल्वेचा. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने (आपला नागपूर विभाग याच रेल्वेत येतो) २०१० मध्ये गट 'ड'च्या ५,७९८ जागांची भरती काढली. रेल्वेच्या धोरणानुसार वीस टक्के जादा उमेदवारांची यादी ठेवायची होती, म्हणजे कोणी आलं नाही तर तिच्यातून घ्यायचं. जागा सुटल्या, यादी तयार, तरी रेल्वेने त्यातून घेतलं नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारलं, कारण काय? सांगण्यासारखं कारण रेल्वेकडे नव्हतं. हक्क नाही हे मान्य करूनही न्यायालयाने या उमेदवारांचा विचार करायला लावला. आठ वर्षं गेली, हा भाग निकालात येत नाही.

७ नोव्हेंबर २०२४ रोजी तेजप्रकाश पाठक विरुद्ध राजस्थान उच्च न्यायालय या खटल्यात पुन्हा पाच न्यायमूर्ती बसले. तिथे अनुवादकांच्या १३ जागा होत्या. परीक्षा होऊन गेल्यावर ७५ टक्क्यांची अट घातली गेली आणि तिघेच निवडले गेले. भरती सुरू झाल्यावर खेळाचे नियम बदलता येत नाहीत, नियमांतच तशी मुभा असेल तर गोष्ट वेगळी आणि तीही मनमानी नको, असं घटनापीठाने ठरवलं. शेवटी शंकरसन दाशचं सूत्र पुन्हा मांडलं. यादीत नाव म्हणजे हक्क नाही, पण जागा असताना विचारकक्षेत येणाऱ्याला मनमानीने नाकारता येणार नाही. 'खेळाचे नियम' हे शब्द महाराष्ट्राला नवे नाहीत. २००१ मध्ये एसटीच्या चालक भरतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एसटी महामंडळाला हेच शब्द ऐकवले होते. निवडीचे निकष अर्ध्यावर बदलायचे नाहीत, हा धडा देशाला मिळाला त्यात आपल्या लाल डब्याचा वाटा आहे.

आता एक प्रश्न वाचकाच्या मनात आला असेल. निवड यादीतल्या नावाला हक्क नाही, तर मग हक्क सुरू होतो कधी? यादी, शिफारस, आदेश, रुजू होणं, यात रेघ कुठे मारायची?

ही रेघ मारायला जगातला सगळ्यात गाजलेला घटनात्मक खटला उपयोगी पडतो. गंमत अशी की तो मुळात न पोहोचलेल्या ऑर्डरचा खटला आहे. मार्च १८०१. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन ॲडम्स पद सोडता सोडता वॉशिंग्टन परिसरासाठी ४२ न्यायदंडाधिकारी नेमतात. आदेशांवर सही होते, परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल शिक्का मारतात, पण काही आदेश घाईगर्दीत वाटायचे राहतात. नवे अध्यक्ष जेफरसन येतात आणि म्हणतात, राहिलेले वाटायचे नाहीत. विल्यम मार्बरी नावाचा गृहस्थ नवे मंत्री मॅडिसन यांच्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात परमादेश मागायला जातो. तोवर सरन्यायाधीश कोण? तेच जॉन मार्शल, ज्यांच्या कचेरीतून आदेश वाटायचे राहिले! १८०३ चा त्यांचा निकाल मोठा हुशारीचा आहे. सही-शिक्का झाला तिथे नियुक्ती पूर्ण झाली, कागद हातात पडला नाही म्हणून हक्क जात नाही. मार्बरीचा हक्क खरा. पण त्याने ज्या कायद्याचं कलम धरून थेट आमच्याकडे धाव घेतली ते कलमच राज्यघटनेविरुद्ध आहे, म्हणून परमादेश देता येत नाही. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार या खटल्याने पक्का झाला. जगभरचे कायद्याचे विद्यार्थी तो वाचतात. मार्बरीला ते पद काही मिळालं नाही.

आपल्याकडेही रेघ साधारण तिथेच आहे. आदेश निघाला की पारडं एकदम फिरतं. बिहारमध्ये धनबादच्या १७५ शिक्षकांना नियुक्तीचे आदेश मिळाले होते, रुजू व्हायच्या आतच ते रद्द झाले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, यांचं म्हणणं ऐकून न घेता आदेश रद्द करता येणार नाही. म्हणजे फोल्डरमधल्या त्या रिकाम्या पानात कागद येण्याआधी तुम्ही 'उमेदवार' असता आणि मंत्रालय तुमचं न ऐकता गप्प बसू शकतं. कागद आला की तुम्ही नेमलेला माणूस होता आणि काढायचं तर आधी नोटीस द्यावी लागते. कागद एकच, पण सगळं शासन तो काढताना इतकं का घुटमळतं ते यातून समजतं.

अर्थात आदेश हाती आला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. यादीच सडकी असेल तर रुजू झालेलेही जातात. ३ एप्रिल २०२५ रोजी पश्चिम बंगालच्या शाळांतल्या २५,७५३ नेमणुका सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात पुसल्या, त्यात प्रामाणिकपणे लागलेलेही गेले. आपल्याकडे २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट 'क' आणि 'ड'चे पेपर फुटले, परीक्षा रद्द झाल्या. खान्देशात तर आणखी एक टांगती तलवार असते. टोकरे कोळी, ठाकूर, तडवी अशा दाव्यांवर लागलेल्यांना जात वैधतेचा उंबरठा ओलांडावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बहिरा खटल्यात सांगितलं की दावा अवैध ठरला तर राखीव जागेवरची नोकरी टिकणार नाही. त्यानंतर महाराष्ट्रातली हजारो माणसं 'अधिसंख्य', म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या जादा पदांवरची, झाली. या एका विषयावर वेगळा लेख होईल, इथे एवढंच.

इथे थोडं मागे जातो. पारोळ्याचा किल्ला १७२७ च्या सुमारास जहागीरदारांनी बांधला. त्या काळात आणि पुढे इंग्रजी अमलातही गावातलं पद म्हणजे मालमत्ता होती. पाटीलकी, कुलकर्णीपण, जागल्याचं काम, सगळं वतन. मुंबई इलाख्याच्या १८७४ च्या वतन कायद्याखाली वारसा सिद्ध केला की कलेक्टर कचेरीत नाव लागायचं. परीक्षा नाही, मुलाखत नाही, पण हक्क पक्का. 'मला नेमा' असं ठणकावून सांगता येणारी ती व्यवस्था होती. फक्त ती बोलायची सोय ज्याच्या बापाकडे वतन होतं त्यालाच होती. आणि ज्यांच्याकडे महार वतन होतं त्यांना ती सोय नव्हे, बेडी होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणलं होतं. पुढे पन्नास ते साठच्या दशकांत कुलकर्णी वतनं, कनिष्ठ वतनं, पाटीलकी एकेक करत कायद्याने संपली. राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने सांगितलं की सरकारी नोकरीत समान संधी मिळेल आणि वंशावरून भेद होणार नाही. आंध्रातलं एक वंशपरंपरागत ग्रामपद सर्वोच्च न्यायालयाने याच आधारावर साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर मोडीत काढलं.

म्हणून मला 'यादीतल्या नावाला हक्क नाही' हे सूत्र मुळात अन्यायाचं वाटत नाही. पद ही कुणाची मालमत्ता नाही, ते लोकांचं आहे, हाच त्याचा पाया. पैसा नसेल, विभाग बंद होत असेल, परीक्षेत चोरी झाली असेल, तर सरकारला थांबता आलं पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. हे सूत्र सरकारच्या 'नाही' साठी तयार झालं. प्रत्यक्षात सरकार 'नाही' म्हणतच नाही.

खान्देशातलंच उदाहरण घ्या. पारोळ्याहून अमळनेरमार्गे उत्तरेला निघालं की तापी ओलांडून चोपडा लागतो. चोपडा, यावल, रावेर हे जळगावचे, साक्री, शिरपूर हे धुळ्याचे तालुके आणि जवळजवळ सगळा नंदुरबार जिल्हा पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात कमी-अधिक प्रमाणात येतो. लोक त्याला सरसकट 'पेसा' म्हणतात. या क्षेत्रात तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, प्राथमिक शिक्षक, कृषी सहायक, अंगणवाडी पर्यवेक्षिका, आरोग्य सेवक, पोलीस पाटील, कोतवाल अशी १७ संवर्गांतली पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरायची, अशा राज्यपालांच्या अधिसूचना आहेत. शेवटची २९ ऑगस्ट २०१९ ची. हेतूबद्दल वाद नाही. पावरी किंवा भिली न समजणारा शिक्षक सातपुड्याच्या पाड्यावर काय शिकवणार? जुन्या माणसांना विचारा, शहरातून बदलीवर आलेला गुरुजी पहिल्या दिवसापासून बदलीचा अर्ज लिहीत असे.

पण २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आंध्र प्रदेशच्या एका जुन्या आदेशावर निकाल दिला. अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांत शंभर टक्के आदिवासी शिक्षक नेमण्याचा आंध्राचा निर्णय घटनाबाह्य ठरला. आधी लागलेल्यांना अभय मिळालं, पुढचा रस्ता बंद झाला. या निकालाचं सावट महाराष्ट्राच्या अधिसूचनेवर पडणार, हे मंत्रालयात कुणालाही कळत होतं. १ फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयाने राज्याने गावाच्या आदिवासी लोकसंख्येनुसार प्रमाण ठरवलं: निम्म्यापेक्षा जास्त असेल तिथे पूर्ण, त्याखाली निम्मं, त्याखाली पाव. म्हणजे जिथे आदिवासी बहुसंख्य, तिथे शंभर टक्के राहिलंच. आणि त्याच वर्षी तलाठ्यांच्या, जिल्हा परिषदेच्या मोठ्या भरतीच्या जाहिराती निघाल्या, त्यांत पेसाच्या जागा दाखवल्या, फी घेतली. खुल्या वर्गाला १,००० रुपये, राखीव वर्गाला ९००. नर्मदाकाठच्या घरात नऊशे रुपये म्हणजे काय, हे परीक्षा घेणाऱ्या कंपनीला सांगून उपयोग नाही.

पुढे ठरल्यासारखं घडलं. बिगरआदिवासी संघटनांनी आव्हान दिलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि बाकी जिल्ह्यात त्याच परीक्षेतून लागलेले तलाठी सज्जावर जाऊन बसले तरी पेसातल्या यादीतली मुलं घरी राहिली. त्यांच्या बाबतीत सरकार 'नाही' म्हणालं नाही. 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे' म्हणालं. मोर्चे निघाले, नाशिकला उपोषण झालं. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी तर विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. धनगर समाजाला अनुसूचित जमातीत घेऊ नये ही एक मागणी, पेसा भरती करा ही दुसरी. आत्महत्या रोखायला लावलेल्या जाळीवर सभागृहाच्या उपाध्यक्षाने उतरावं, ही आपल्या संसदीय इतिहासातली मोठीच गोष्ट. टीव्हीवर ती दिवसभर करमणूक म्हणून फिरली. त्याच सुमारास सरकारने मार्ग काढला, तो असा: सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या अधीन राहून, तात्पुरत्या स्वरूपात, मानधनावर. ज्यांनी कायम पदाची परीक्षा दिली, त्यांना मानधनाचं काम.

वकील म्हणतील, यात सरकारची मनमानी कुठे, कोर्टातला वाद आहे. बरोबर आहे. पण २०२० ला निकाल आल्यावर २०२३ ला तीच जाहिरात काढणाऱ्याला जबाबदार धरायचं दार कायद्यात कुठे आहे? शंकरसन दाशमध्ये ते सापडत नाही. तिथे न भरण्याचं कारण तपासतात, जाहिरात काढताना डोळे उघडे होते का हे तपासत नाहीत.

दुसरं उदाहरण साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. २०१९ च्या राज्यसेवेचा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागला, ४१३ जणांची शिफारस झाली. ९ सप्टेंबर २०२० ला मराठा आरक्षणाला स्थगिती मिळाली, ५ मे २०२१ ला ते रद्द झालं. या आठ महिन्यांत आणि पुढेही काही काळ, आरक्षणाशी ज्यांचा संबंध नव्हता त्या उमेदवारांच्याही नेमणुका अडून राहिल्या. उपजिल्हाधिकारी म्हणून सत्कार झालेली पोरं वर्ष उलटलं तरी घरीच होती. आरक्षण गेलं त्यामुळे ज्यांची निवडच अधांतरी झाली, त्यांच्यासाठी विधिमंडळाने २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात अधिसंख्य पदं निर्माण करण्याचा कायदा केला, १,०६४ उमेदवारांना त्याचा लाभ सांगितला गेला. कोर्टातून जे मिळणार नव्हतं ते विधिमंडळातून मिळालं. त्या मुलांचं भलं झालं, आनंदच आहे. पण मागे राजकीय वजन असलेल्यांना अधिसंख्य पद मिळतं, आणि २०१९ मध्ये जिल्हा परिषदेच्या तेरा हजारांहून अधिक जागांसाठी फॉर्म भरून तीन वर्षं वाट पाहिलेल्यांना भरती रद्द झाल्यावर फी परत करण्याचं आश्वासन मिळतं. हे लिहून ठेवलं पाहिजे.

आता निळ्या फोल्डरच्या मागच्या भागाकडे, म्हणजे निवेदनांकडे.

पारोळ्याच्या उमेदवाराला दाद मागायची तर आधी कुठलं दार, हे कळायला हवं. तलाठी, पोलीस, वनरक्षक, राज्यसेवा ही राज्य शासनाची पदं. त्यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे 'मॅट'. जळगाव-धुळ्याचा कारभार मॅटच्या औरंगाबाद खंडपीठाकडे. थेट उच्च न्यायालयात गेलं तर १९९७ च्या चंद्रकुमार निकालावर बोट ठेवून परत पाठवतात, आधी मॅट, मग वर. पण जिल्हा परिषदेचा शिक्षक, ग्रामसेवक, नगरपालिकेचा कर्मचारी, एसटीचा वाहक, महावितरणचा सहायक यांच्यासाठी मॅट नाही. त्यांना उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ, राज्यघटनेच्या दोनशे सव्वीसाव्या कलमाखाली. दोन्ही ठिकाणं एकाच शहरात, कन्नड घाट ओलांडून. सकाळी साडेदहाला बोर्डावर प्रकरण असेल तर पहाटेच निघावं लागतं, आणि 'पुढील तारीख' ऐकून संध्याकाळी परतावं लागतं.

मॅटला मुदत आहे. आदेश निघाल्यापासून एक वर्ष. आदेशच नसेल तर निवेदन द्यायचं, सहा महिने उत्तराची वाट बघायची, आणि ते संपले की पुढचं एक वर्ष. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण संसदेने न्यायाधिकरणांच्या १९८५ च्या कायद्यात चक्क कलम म्हणून घातली आहे. हे बहुतेकांना माहीत नसतं. ते पहिल्या निवेदनानंतर दुसरं देतात, मंत्री बदलला की तिसरं, जनता दरबारात चौथं. त्यांना वाटतं प्रत्येक शिक्क्याने प्रकरण जिवंत राहतं. राहत नाही. एस. एस. राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं की कायद्याने न सांगितलेली निवेदनं पुन्हा पुन्हा दिल्याने मुदत वाढत नाही. घड्याळ पहिल्या निवेदनापासून चालू असतं. त्यातच निवड यादी, प्रतीक्षा यादी यांचं आयुष्य साधारण वर्षभराचं किंवा पुढच्या जाहिरातीपर्यंतचं. यादी मेली की कोर्ट विचारतं, आता कशातून नेमायचं? पुढाऱ्याच्या बंगल्यावर गेलेलं ते वर्ष मग कुणी भरून देत नाही.

वेळेत गेलेल्याला मिळतं ते बहुधा एका ओळीचं असतं: 'या जाहिरातीनुसार होणाऱ्या नियुक्त्या प्रस्तुत अर्जाच्या निर्णयाच्या अधीन राहतील.' क्वचित, 'अर्जदारासाठी एक पद रिक्त ठेवावे.' दुसरी ओळ सोन्याची. तिच्यासाठी कोर्टाला दाखवावं लागतं की जागा आहे. तिथे माहिती अधिकारातून काढलेले दोन कागद कामाला येतात: जाहिरातीच्या तारखेची बिंदुनामावली (कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं, याची नोंद) आणि आजची रिक्त पदांची स्थिती. रुजू न झालेल्यांची संख्या, तुमच्या खालच्या क्रमांकाला कुठे आदेश दिलाय का, मागणीपत्रात किती पदं होती, जाहिरातीत किती आली. शंकरसन दाशचा दुसरा अर्धा भाग या आकड्यांवर उभा राहतो, फ्लेक्सवर नाही. आणि मागणी 'मला नेमा' अशी एकटी ठेवायची नसते. 'माझा विचार करा, अमुक आठवड्यांत निर्णय घ्या, नाकारलंत तर कारणासह लेखी कळवा' अशी पर्यायी मागणी सोबत लागते. न्यायाधीश नेमणूक द्यायला कचरतात, पण मुदत घालून द्यायला सहसा कचरत नाहीत. मुदत आली की सरकारला कधी नव्हे ते उत्तर लिहावं लागतं, आणि लिहिलेलं उत्तर खोडता येतं.

हे सगळं एकेका पोराने पदरमोड करून कोर्टातून मिळवायचं, ही व्यवस्था मला उलटी वाटते. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. पारोळ्याच्या सेतू केंद्रात उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे, ती चुकली तर अपील आहे, अधिकाऱ्याला दंड आहे. त्याच पोराच्या नियुक्ती आदेशाला मुदत नाही. निवड यादी लागल्यापासून इतक्या दिवसांत आदेश, नाहीतर त्याच दिवशी कारणासह लेखी नकार, अशी तरतूद करायला घटना बदलावी लागत नाही, कुणाला पदाचा अभेद्य हक्कही द्यावा लागत नाही. सामान्य प्रशासन विभागाचा एक शासन निर्णय पुरे. आणि ज्या जागांचं आरक्षण कोर्टात आहे त्या जाहिरातीत ठळक अक्षरांत तसं छापायचं, फी घ्यायच्या आधी. एवढं झालं तरी चोपड्याच्या मुलीला परीक्षेला बसायचं की नाही ते स्वतः ठरवता येईल, आणि पारोळ्याच्या मुलाला मॅटकडे जायला हातात काहीतरी कागद असेल.

तो शासन निर्णय काढायला मंत्रालयाला वेळ लागणार हे उघड आहे. तोवर ज्यांची नावं यादीत आहेत त्यांनी पहिल्या निवेदनाच्या पोचेवरची तारीख बघून ठेवावी.